देवळे दाखवली, नदी राहिली : शिरोळ तालुक्याच्या एकदिवसीय सहलीचे परीक्षण

कोल्हापुरातून सकाळी निघून पंचगंगेच्या काठाने शिरोळ तालुक्यात जाणाऱ्या आणि प्रयाग चिखली, कुरुंदवाड, नृसिंहवाडी व खिद्रापूर ही ठिकाणे दाखवून रात्री परत आणून सोडणाऱ्या सहली अलीकडे बऱ्याच निघू लागल्या आहेत. त्यांपैकी एका सहलीला गेल्या जानेवारीत मी आणि माझ्या सासूबाई गेलो होतो. संयोजकांचे नाव येथे देत नाही. दोन-तीन ठिकाणी चौकशी केली तेव्हा सगळ्यांचा कार्यक्रम जवळपास सारखाच निघाला, त्यामुळे पुढे मांडलेले गुणदोष एखाद्या संस्थेपेक्षा या कार्यक्रमाचेच अधिक आहेत.

आधी निष्कर्ष सांगते, म्हणजे ज्यांना केवळ जावे की न जावे एवढेच ठरवायचे आहे त्यांची सोय होईल. नाश्ता आणि दुपारचे जेवण धरून माणशी दीड हजार रुपयांच्या आत ही सहल होते, गाडी स्वच्छ असते, चालक सबुरीने चालवणारा होता, आणि मूर्तिशास्त्राची बरी जाण असलेला मार्गदर्शक दिवसभर बरोबर असतो. तेव्हा पैसे वाया गेले असे कोणी म्हणू शकणार नाही. तक्रार आहे ती वेगळीच. जाहिरातीत ‘नदीकाठची सफर’ असे शब्द आहेत, पण ज्या नदीमुळे ही देवळे, ही संस्थाने, हा ऊस आणि दर काही वर्षांनी येणारा महापूर या तालुक्याच्या वाट्याला आला, त्या नदीविषयी दिवसभरात मोजकी वाक्येच ऐकायला मिळाली. दगडाबद्दल जितके सांगितले गेले त्याच्या पावपटीने जरी पाण्याबद्दल सांगितले असते, तरी या सहलीला पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी हरकत नव्हती.

पहिला थांबा प्रयाग चिखलीचा. शहरापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे निम्म्या प्रवाशांना हा थांबा घड्याळ जुळवण्यापुरताच वाटला, आणि मार्गदर्शकानेही तो तसाच उरकला. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते, ही शाळेतली माहिती सांगून झाली, संगमावर नमस्कार झाला आणि मंडळी गाडीत बसली. वास्तविक याच जागी उभे राहून सगळ्या दिवसाची प्रस्तावना करता आली असती. भोगावतीवर वर राधानगरीला राजर्षी शाहू महाराजांनी धरणाचे काम सुरू केले. त्या धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, ही बातमी पावसाळ्यात कोल्हापूरकर देवाची आरती ऐकावी तशी ऐकत असतो. दरवाजे उघडले की ते पाणी भोगावतीतून याच संगमावर येते आणि चिखली-आंबेवाडीच्या लोकांना घरे सोडण्याच्या सूचना सर्वांत आधी मिळतात. चिखलीकरांसाठी सोनतळीला पुनर्वसनाची जागा द्यावी लागली, ती याच कारणाने. यातले काहीही सांगितले गेले नाही. इथून कृष्णेला मिळेपर्यंत पंचगंगा सुमारे ८० किलोमीटर वाहते, आणि आपण दिवसभर तिच्याच उताराने खाली जाणार आहोत, एवढे जरी कोणी बोलले असते तरी खिडकीबाहेर बघण्याची लोकांची दृष्टी बदलली असती.

चिखलीहून शहराकडे परत येताना गाडी शिवाजी पुलाजवळ थांबवून घाट आणि ब्रह्मपुरीचे टेकाड लांबूनच दाखवण्यात आले. घाटावरची जुनी मंदिरे आणि छत्री दाखवताना मार्गदर्शक खुलला होता, ब्रह्मपुरीबद्दल मात्र ‘इथे उत्खनन झाले होते’ यापलीकडे गेला नाही. १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी या टेकाडावर केलेल्या उत्खननाने सातवाहन काळातील नगराचे अवशेष उजेडात आणले. ब्रह्मपुरीतच सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती आज टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. भूमध्य समुद्राकडची वस्तू सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठावर कशी आली, हा प्रश्न सहलीच्या आरंभी प्रवाशांच्या डोक्यात सोडून देण्यासारखा आहे, आणि टाउन हॉल वाटेवरून फार दूरही नाही. संग्रहालय सकाळी लवकर उघडत नाही ही संयोजकांची अडचण मान्य केली, तरी मूर्तीचे छायाचित्र गाडीत फिरवायला काही खर्च येत नाही.

इचलकरंजी ओलांडून गाडी शिरोळ तालुक्याकडे वळली, तेव्हा कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात होता. उसाने शिगोशीग भरलेल्या, एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे आमची गाडी बराच वेळ अडकली आणि आधीच घट्ट असलेले वेळापत्रक तिथे सैल झाले. जानेवारीत या रस्त्यावर असे होणार, हे जिल्ह्यातल्या कोणालाही माहीत असते. संयोजकांनी तेवढी सवड धरून ठेवायला हवी होती. तेरवाड-हेरवाडच्या बाजूने जाताना मात्र मला मार्गदर्शकाचे मौन खटकले. हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. इतिहास म्हणजे शिलाहार आणि यादव एवढाच नसेल, तर या गावाच्या पाटीपाशी गाडीचा वेग जरा कमी करायला हरकत नव्हती. सासूबाईंनी मागच्या आसनावरच्या दोन मुलींना ती हकिकत सांगितली, तेव्हा आजूबाजूच्या चार-पाच जणांनी मान वळवून ऐकली.

तेरवाडचा बंधारा कार्यक्रमात नव्हता. लघुशंकेसाठी जवळपास गाडी थांबली म्हणून तो पाहायला मिळाला, आणि माझ्या मते तालुका समजून घ्यायचा तर त्या दिवसातली सर्वांत उपयोगी जागा हीच होती. नदीच्या पात्रात ओळीने दगडी खांब, खांबांना खाचा, आणि पावसाळा संपला की त्या खाचांतून बसवले जाणारे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून राज्यभर ओळखली जाणारी रचना ती हीच. बरगे घातले की पाणी पात्रातच मैलोगणती मागे तुंबून राहते, काठावरचे उपसा पंप चालतात, आणि मे महिन्यापर्यंत ऊस हिरवा राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले की पुराला वाट मोकळी होते. धरण बांधायला लागणारी दरी नसलेल्या सपाट मुलखात नदीलाच तळे करण्याची ही युक्ती आहे, आणि शिरोळच्या संपन्नतेचा मोठा वाटा तिच्याकडे जातो. त्याच युक्तीची दुसरी बाजूही तिथेच दिसत होती. वरच्या शहरांचे सांडपाणी घेऊन आलेले पाणी बरग्यांपाशी येऊन थबकले होते, रंग चहाच्या चोथ्यासारखा झाला होता, कडेने जलपर्णीचा जाड थर होता आणि वाऱ्याची झुळूक आली की नाकाला रुमाल लावावा लागत होता. उन्हाळ्यात या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. सहलीतल्या एका लहान मुलाने ‘ही पंचगंगाच का’ असे विचारले, तेव्हा मार्गदर्शकाने त्याला ‘चल बाळा, उशीर होतोय’ म्हणून गाडीकडे नेले. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण नदीकाठची सफर विकणाऱ्याने या प्रश्नाची तयारी करून यायला हवे.

कुरुंदवाडला दिलेला वेळ तुटपुंजा होता. पटवर्धनांचे हे संस्थान, पुढे त्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या, आणि १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले, हा भाग नीट सांगितला गेला. घाट पाहण्यासारखा आहे. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, मधले बुरूज आणि पाण्याच्या पातळीप्रमाणे खाली-वर होणारा गावाचा वावर पाहत अर्धा तास सहज जावा. संताजी घोरपडे यांची समाधी याच परिसरात आहे. १६९७ मध्ये ज्यांचा दुर्दैवी अंत झाला, त्या सेनापतीच्या समाधीपाशी मराठी माणूस पाच मिनिटांत परत फिरतो हे मला अवघड वाटले. पण गाडीचा भोंगा वाजला आणि आम्ही फिरलो. गणेशोत्सवात मशिदींमध्ये गणपती बसवण्याची येथील परंपरा मार्गदर्शकाने आवर्जून सांगितली, ती जाता जाता का होईना सांगितली याचे समाधान आहे.

नृसिंहवाडीला पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. येथे या सहलीची व्यवस्था उत्तम आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वाहनतळापासून देवळापर्यंतची दुकानांची लांब गल्ली, चपलांची सोय, ज्येष्ठांसाठी घाटाच्या कोणत्या बाजूने पायऱ्या कमी पडतात, हे सगळे आधीच सांगितलेले होते, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचा विचार करून मार्गदर्शकाने त्यांना स्वतः हात देऊन खाली नेले. ‘काकू, घाई नाही, तुमच्याशिवाय गाडी हलणार नाही,’ हे त्याचे वाक्य त्यांनी घरी आल्यावर सगळ्यांना सांगितले.

दत्तावतार मानल्या गेलेल्या श्रीनृसिंह सरस्वतींनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले अशी श्रद्धा आहे, आणि औदुंबराखालच्या मनोहर पादुका हेच येथील उपास्य आहे. गाभाऱ्यात मूर्ती नाही. विजापूरच्या आदिलशहाने हे देऊळ बांधून दिल्याची कथा परंपरेने चालत आलेली आहे आणि देवळाचे साधे, शिखर नसलेले रूप पाहताना ती कथा कोणालाही आठवते. पंचगंगा येथेच कृष्णेला मिळते. सकाळी चिखलीला जिचा उगम पाहिला तिचा शेवट आपण पाहत आहोत, हे सांगायची यापेक्षा चांगली जागा नव्हती आणि नेमके तेच राहून गेले. घाटावर उभे राहिले की उजव्या-डाव्या अंगाने येणारे दोन प्रवाह वेगळे ओळखता येतात, कारण जानेवारीत दोघांचा रंग एक नसतो.

वाडीचे वैशिष्ट्य म्हणजे देवळाने पुराशी घेतलेले जुळवून. पाणी वाढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते. पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडू लागले की त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक भर पावसात लांबून येतात. इतर गावे पूर आला म्हणून देवाला गाऱ्हाणे घालतात. वाडीने पुरालाच पूजेत जागा दिली. मार्गदर्शकाने हा सोहळा मोबाइलवरील चित्रफितीसह दाखवला आणि त्या दिवसात पाण्याविषयी तो जे काही मन लावून बोलला ते हेच. परंतु सोहळ्याची पुढची पायरी महापुराची आहे, ती त्याने गाळली. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी पाणी सोहळ्यापुरते थांबले नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते, आणि ते सगळे पाणी शेवटी उतरते ते शिरोळ तालुक्यातच. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा अशा चार नद्यांच्या कचाट्यात हा तालुका आहे. पुढे कर्नाटकात अलमट्टीच्या धरणात पाणी किती धरायचे यावरून दोन राज्यांत जो वाद चालतो, त्याची झळ सर्वांत आधी येथल्याच घरांना लागते असे येथले लोक मानतात.

पेढ्यांच्या एका दुकानात मी भिंतीवरची रंगाची रेघ पाहिली. माझ्या खांद्याच्या वर, फळीच्या टोकापासून सुरू होऊन कोपऱ्यात फोटोच्या चौकटीमागे गेलेली. विचारले तर मालक वजनाच्या काट्यावरची नजर न काढता म्हणाले, ‘एकोणीसचं पाणी ताई. आता काट्याचा टेबल सोडला तर सगळं ह्या रेघेच्या वर ठेवतोय.’ आणि खरोखरच साखरेची पोती, खव्याची भांडी, खोक्यांची थप्पी, विजेचे बटण, सगळे त्या रेघेच्या वर नेलेले होते; खालची भिंत नुसती चुना लावलेली, मोकळी. शेजारच्या दुकानांतही तसेच. या गल्लीत आमचा वेळ मुबलक गेला, कारण कार्यक्रमात खरेदीसाठी जितका वेळ ठेवला आहे तितका कुरुंदवाडच्या घाटासाठीही ठेवलेला नाही. संयोजकांचे आणि ठरावीक दुकानांचे काही लागेबांधे असतील तर ते त्यांचे त्यांना ठाऊक. माल चोख आहे, ही गोष्ट वेगळी. कंदी पेढे आणि बासुंदीचे सर्वांना माहीतच आहे, पण ज्यांनी कवठाची बर्फी चाखलेली नाही त्यांनी ती अवश्य घ्यावी. आंबटगोड, किंचित तुरट, आणि पेढ्याने तोंड मिटून गेले असेल तर ते पुन्हा उघडणारी.

दुपारचे जेवण वाडीतच होते आणि या सहलीतली ही निर्विवाद जमेची बाजू आहे. ज्वारीची गरम भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरले वांगे, मुगाची आमटी, दही, खर्डा आणि वाटीभर बासुंदी. काठावरच्या मळीच्या जमिनीतले वांगे पातळ सालीचे आणि बी कमी असलेले असते, ते शिजून मसाल्यात विरघळत नाही, पण बोटाने दाबले की फुटते. त्या दिवशीचे तसे होते. पुराने शेत बुडते ते खरे, पण मागे राहणारा गाळ ही मळी घडवतो, आणि म्हणून ताटातले वांगे हाही नदीचाच पुरावा होता. कोल्हापूरकराला सहलीच्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा नसल्याची चुटपुट लागते. वाडीत ती लावून घेऊ नये.

खिद्रापूरला आम्ही पोहोचलो तेव्हा चार वाजत आले होते, आणि येथे मला संयोजकांशी भांडावेसे वाटते. कोपेश्वराचे मंदिर हे या सगळ्या सहलीचे कारण आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात, आकाराला आलेले, गाभारा, अंतराळ, सभामंडप आणि त्यापुढे स्वतंत्र उभा असलेला स्वर्गमंडप अशी रचना असलेले हे मंदिर बघायला पाऊण तास देणे म्हणजे आलेल्या पाहुण्याला चहाच्या कपाचे नुसते दर्शन घडवण्यासारखे आहे. स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत. मधोमध छताला सुमारे तेरा फूट व्यासाचे वर्तुळाकार मोकळे तोंड आहे, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तशीच वर्तुळाकार अखंड शिळा. तोंडाच्या कडेने बारा खांबांचे कडे आणि वर कार्तिकेय व दिक्पाल आपापल्या वाहनांसह. ऊन डोक्यावर असते तेव्हा छतातून उतरलेला उजेड त्या शिळेवर पडतो आणि खांबांच्या कातीव वर्तुळांवर तोच उजेड परतून येतो. आम्ही गेलो तेव्हा ऊन कलून एका बाजूच्या खांबांवर चढलेले होते आणि शिळा सावलीत होती. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी वेळ साधायला हवी, तिचीच वेळ चुकवलेली. सकाळी सरळ खिद्रापूर गाठावे, माध्यान्ह तेथे घालवावी आणि उलट वाटेने सायंकाळी वाडीला यावे, म्हणजे पालखीही मिळेल, ही सूचना मी लेखी दिली आहे. जेवणाची सोय खिद्रापुरात होत नाही असे उत्तर मिळाले. मग डबे बरोबर घ्यावेत, आमची त्याला ना नाही.

मार्गदर्शक मात्र येथे आपल्या खऱ्या रूपात आला. दक्षयज्ञाची कथा, कोपलेल्या शंकराची समजूत काढणारा विष्णू धोपेश्वराच्या रूपाने गाभाऱ्यात शेजारीच लिंगरूपाने बसलेला असणे, आणि शिवमंदिर असूनही समोर नंदी नसणे, कारण सती माहेरी त्याच्यावर बसून गेली आणि तो नंदी नदीपलीकडे कर्नाटकातील यडूरला आहे, हे सगळे त्याने अतिशय रंगवून सांगितले. त्यानंतर तो आम्हाला मंदिराच्या मागच्या अंगाला घेऊन गेला आणि गजपीठापाशी सगळ्यांना खाली वाकायला लावले. संपूर्ण मंदिर हत्तींच्या पाठीवर तोललेले आहे असे भासवणारी ही रांग. लांबून सारखे दिसणारे हत्ती जवळून एकासारखा एक नाहीत. एकाच्या गळ्यातल्या घंटेचा दोर दुहेरी पिळाचा, दुसऱ्याच्या झुलीला बारीक मण्यांची कड, एकाचा पुढचा पाय उचललेला. पाठीवर देवता आरूढ आहेत. बहुतेकांच्या सोंडा आणि सुळे तुटलेले आहेत, आणि तुटलेल्या ठिकाणचा दगड आता बाकीच्या अंगाइतकाच गुळगुळीत झाला आहे, इतकी शतके हात फिरले आहेत. सासूबाई एका हत्तीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. ‘अगं, ह्याच्या पायातलं साखळदंड बघ, कडी न् कडी मोजता येतीय,’ एवढेच म्हणाल्या.

शिलालेखांपाशी पुन्हा घाई झाली. मंदिरातील बहुतेक लेख जुन्या कन्नडमध्ये आहेत, आणि दक्षिण दरवाजाजवळ देवनागरी लिपीतील संस्कृत लेख आहे तो देवगिरीच्या यादव सिंघणाचा, शके ११३६ चा, म्हणजे इ. स. १२१३-१४ चा, कोपेश्वराला गाव दान दिल्याचा. मार्गदर्शकाने ‘हे दानपत्र’ म्हणून बोट दाखवले आणि पुढे निघाला. या लेखाचे महत्त्व तारखेत आहे. इ. स. १२१२ च्या सुमारास याच सिंघणाने शिलाहार दुसरा भोज याचा पराभव करून कोल्हापूरचे राज्य आपल्या राज्याला जोडले. म्हणजे मुलूख जिंकल्यावर दोन-एक वर्षांच्या आतच नव्या राजाने जुन्या राजघराण्याच्या देवाला गाव इनाम दिले आणि ते दगडावर कोरून ठेवले. सत्ता बदलली तरी देवाचे उत्पन्न अबाधित आहे, असे तालुक्यातल्या लोकांना सांगणारा तो जाहीरनामा आहे. एवढी गोष्ट सांगायला दोन मिनिटे लागतात, आणि देवळातल्या साऱ्या पुराणकथांहून ती या काठाच्या इतिहासाविषयी अधिक सांगते. जवळचे आदिनाथाचे जुने जैन मंदिर तर वगळलेच गेले. शिलाहारांच्या राज्यात शैव आणि जैन दोन्ही देवळांना राजाश्रय होता, ते हाताच्या अंतरावर दाखवायची सोय एकाच गावात असताना ती सोडून देणे समजत नाही.

गावाला तीन बाजूंनी कृष्णेचा वेढा आहे. देवळाच्या मागून चालत गेले की काठ लागतो आणि पलीकडे कर्नाटकातले जुगूळ दिसते. आम्ही चौघे-पाच जण मार्गदर्शकाची परवानगी घेऊन तिकडे जाऊन आलो. नावाडी काकांनी ‘बसा पाव्हणं, पल्याड जाऊन येऊ’ असे म्हटले, पण गाडीच्या वेळेपायी नाही म्हणावे लागले. परतीच्या वाटेवर राजापूरचा बंधारा लागतो. महाराष्ट्रातून कृष्णा बाहेर पडते ती या बंधाऱ्यावरून, आणि पावसाळ्यात येथून किती क्युसेक पाणी पुढे जाते यावर सांगली-कोल्हापूरची झोप अवलंबून असते. अंधार पडत आला होता, गाडी थांबली नाही. खिडकीतून दिसला तो फक्त त्याचा फलक. वाटेवर ज्या शेतांत पांढरट खपली आलेली होती, ती अतिपाण्याने क्षारपड झालेली जमीन होय, आणि तीवर चर खणून, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढण्याचे प्रयोग याच तालुक्यात झाले आहेत. हे शेजारच्या आसनावरच्या एका शेतकरी गृहस्थांनी सांगितले म्हणून गाडीतल्या काही जणांना कळले.

थोडे व्यवहाराचे. पंधरा-सोळा जणांची गाडी होती, आसने ऐसपैस, ध्वनिवर्धक मागच्या रांगेपर्यंत नीट ऐकू येणारा. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय वाडीत ठीक, खिद्रापुरात बेताची आणि वाटेत नाहीच म्हणायची. ज्येष्ठांना नेताना हे आधी ठरवून ठेवावे. पाण्याच्या बाटल्या प्लास्टिकच्या वाटल्या, त्याऐवजी गाडीत पिंप ठेवावा. गुरुवार, शनिवार आणि पौर्णिमा टाळावी, कारण वाडीच्या गर्दीत पुढचे सगळे वेळापत्रक कोसळते. स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्यांना कोल्हापूर ते वाडी सुमारे ४५ किलोमीटर आणि तेथून खिद्रापूर आणखी अठराएक किलोमीटर पडते. रस्ता चुकण्याची भीती नाही, मात्र मंदिर वाचून दाखवणारा कोणी बरोबर नसेल तर निम्मे खिद्रापूर बघितल्यासारखे होत नाही, आणि त्यासाठीच ही सहल अजूनही मी सुचवीन.

नोंदणी करताना दोन प्रश्न विचारून घ्यावेत: खिद्रापूरला नेमके किती वाजता पोहोचणार, आणि राजापूर किंवा तेरवाड यांपैकी एका तरी बंधाऱ्यावर गाडी थांबेल का. जून ते सप्टेंबर या काळात ही सहल बंद असते. दक्षिणद्वार ज्यांना पाहायचे आहे त्यांनी मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीने वाडी गाठावी, आणि शिरोळ-कुरुंदवाड रस्ता पाण्याखाली गेला आहे की काय याची निघण्यापूर्वी चौकशी करावी.